मायनर बिझनेसचा, धडा नगरच्या मिशनचा

बारावी झाली, मेजर ठरला, आता मायनर कुठला? नव्या शैक्षणिक धोरणात, कॉलेजात सोय असेल तर बीएस्सीवालाही कॉमर्स किंवा मॅनेजमेंटचा मायनर घेऊ शकतो. ‘सोपा आहे, घेऊन टाक,’ असा सल्ला लगेच मिळतो. जरा थांबा. आधी बीडच्या शेजारची, नगरची गोष्ट ऐका.

1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. त्यांनी शाळा काढल्या. पुढे आसपासच्या गावांतली अनेक दलित कुटुंबं ख्रिस्ती झाली. यातल्या बऱ्याच जणांचं पोट बलुत्यावर चालायचं. धर्म बदलला की गावातले हेच हक्क वादात सापडायचे. त्यात 1876-78 चा दुष्काळ आला, मग 1899-1900 चा. अनाथ मुलं मिशनच्या दारात आली. त्यांना नुसती अक्षरओळख देऊन भागणार नव्हतं.

म्हणून पुस्तकाच्या जोडीला सुतारकाम, धातुकाम, विणकाम आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल हे मिशनचे इंजिनिअर नगरमध्येच हातमाग सुधारण्याच्या खटपटीत होते. इथं हुनर म्हणजे ‘नापास पोरांची सोय’ नव्हती. जुना आधार सुटल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा तो रस्ता होता.

याच शहरात 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ख्रिस्ती शिक्षणपरंपरेतून अहमदनगर कॉलेज उभं केलं. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि नगर ब्रिटिश मुलखात. मध्ये सरहद्द होती. आज? 2022 पासून आष्टीहून नगरला थेट रेल्वे आहे.

आता आपल्याकडे बघा. पाऊस दगा देतो, ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर पडतात. पण बालाघाटच्या डोंगरात सीताफळ आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. फळ इतक्या लवकर का पिकतं, हे बॉटनीचा मेजर सांगेल. पण गर काढून विकायचा तर खर्च किती, भाव किती, उधारी किती दिवस झेपेल? हे हिशेबाचा मायनर शिकवेल. दोन्ही एकाच डोक्यात आले, तर धंदा उभा राहू शकतो.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: मायनर म्हणजे बीकॉमची पदवी नव्हे. ॲडमिशनआधी अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात अकाउंट्स, कॉस्टिंग, मार्केटिंग खरंच आहे का? शिकवायला माणूस आहे का? पुढे एमकॉम किंवा एमबीए करायचं असेल, तर त्याची अट काय?

नगरच्या त्या शाळांनी आधी मुलांची गरज बघितली, मग विषय ठरवला. तुम्हीही मायनर त्याच क्रमानं निवडा.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!