नक्कल, शुद्ध प्रत आणि हार्ड डिस्क

लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणे, हे काम कोपऱ्यावरचा दुरुस्तीवालाही सहज करून देतो. स्क्रू काढण्या-लावण्यात फारसा इतिहास नाही. तो आहे पुढच्या प्रश्नात : जुन्या तबकडीवरची विंडोज आणि तिच्याभोवती साठलेला संसार नव्या घरी न्यायचा कसा?

तबकडीचा जन्म १९५६चा. आयबीएमच्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. फ्लॅश स्मृती १९८०च्या दशकात तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी घडवली. पुढे तबकडी आणि फ्लॅश दोन्ही लहान होत, स्वस्त होत गेल्या.

डॉसच्या काळात स्थलांतर सोपे होते. दोन-तीन मूळ फाइली योग्य जागी बसवल्या की बाकीच्या नकलून चालत. विंडोज ९५ आल्यावर हे भागेना. डॉसमधून नक्कल केली की फाइलींची लांब नावे तुटत. म्हणून न्यूझीलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी तयार केलेल्या 'घोस्ट'ने अख्खा विभागच जसाच्या तसा उचलला. १९९८ साली सिमॅन्टेकने तो विकत घेतला.

'जसाच्या तसा' हा शब्द मात्र पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना अस्वस्थ करील. विंडोज एक्सपीपर्यंत पहिला विभाग ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होई, कारण एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरण्याचा जुना हिशेब. एसएसडीत ट्रॅकच नाहीत; तिची पाने ४ किलोबाइट किंवा अधिक मोठी. ६३ गुणिले ५१२ या संख्येला ४०९६ने पूर्ण भाग जात नाही. परिणामी साधे लेखनही दोन पानांवर सांडते, वेग मंदावतो, झीज वाढते. २००७च्या व्हिस्टापासून आरंभ १ मेगाबाइटवर आला; पण एक्सपीची निव्वळ नक्कल जुना समास नव्या पोथीत घेऊनच येते. लेखनिकाच्या हातून असेच होते : नसलेल्या पानाची ओळ तो इमानाने मोडत राहतो.

यावर शुद्धिवाद्यांचे उत्तर ठरलेले : विंडोज नव्याने टाका. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हा दाखला त्यांच्या बाजूने देता येईल. तरीही आम्हांला ते मराठीच्या प्राध्यापकाला परवडणारे वाटत नाही. २०००च्या दशकातले कित्येक प्रबंध श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांत आहेत. त्यांतली देवनागरी अक्षरे बहुधा रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली होती. फॉन्ट गेला की प्रबंध उरतो, पण मजकूर निरर्थक चिन्हांचा. (युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, आपण उशिरा वळलो, एवढेच.) नव्या स्थापनेत दस्तऐवज आठवणीने आणले जातात, फॉन्ट विसरले जातात.

तेव्हा आधी नक्कल, मग विभागाच्या आरंभाची दुरुस्ती, आणि मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर. तेही मूळ छापील प्रत शेजारी ठेवून, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. जुनी तबकडी पुसू नये. वीज न देता दीर्घकाळ ठेवलेल्या एसएसडीतला विद्युत्भार हळूहळू ओसरतो. त्या मानाने चुंबकीय तबकडी कपाटात अधिक काळ तग धरते. तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी : साल आणि वापरलेल्या फॉन्टांची नावे.