चार मात्रांचें अर्धवर्तुळ

पाश्चात्य स्वरलेखनाचें पुस्तक उघडलें, कीं पांच रेषांच्या आरंभीं पुष्कळदां इंग्रजी 'सी' अक्षरासारखी एक खूण दिसते. 'कॉमन' म्हणजे सर्वसाधारण, या शब्दाचें तें आद्याक्षर असावें, असा आमचा विद्यार्थिदशेपासून समज होता. तो खरा नव्हे. चौदाव्या शतकांतील फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ तिहेरी कालविभागास पूर्ण मानीत व तो पूर्ण वर्तुळानें दाखवीत. ख्रिस्ती त्रैक्याशीं त्याचा संबंध जोडला जाई. दुहेरी विभाग अपूर्ण, म्हणून त्याची खूण मोडकें वर्तुळ. तेंच पुढें चार मात्रांच्या मापाचें चिन्ह झालें, आणि जें अपूर्ण तेंच सर्वांत रूढ ठरलें!

आमच्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं ठाणें केलें. उपासनेबरोबर विलायती चालीही आल्या व त्यांवर मराठी शब्द बसविले जाऊं लागले. येथेंच अडचण होती. या मापांत पहिल्या मात्रेवर जोर, तिसरीवर त्याहून कमी. इंग्रजी शब्दांत आघात ठळक असल्यामुळें तो या जोराशीं सहज जुळतो. मराठी पद्य मात्र अक्षरांच्या संख्येवर किंवा ऱ्हस्वदीर्घाच्या वजनावर चालतें. परकी चाल जशीच्या तशी लाविली, तर ऱ्हस्व अक्षर लांबतें, विभक्तिप्रत्ययावर घण पडतो आणि अर्थ बाजूस राहतो. प्रार्थना ओठांवर येते, अंतःकरणांत उतरत नाहीं.

देवळाली प्रवरा ज्या तालुक्यांत आहे, त्या राहुरीस रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) कांहीं काळ राहत होते. त्यांनीं ख्रिस्ती उपासनेस अभंगाचें व भजनाचें वळण दिलें. धर्म बदलला म्हणून भाषेची चाल सोडावी लागत नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

येथें चार हा आंकडा परका होता, असें कोणीं समजूं नये. केरवा आठ मात्रांचा, त्रिताल सोळांचा. दोन्ही चारांच्याच गुणाकारांत बसतात. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा व चार अक्षरें असतात. गातांना तीं लांबवून याच मापांत सुखानें बसवितात. भेद आहे तो जोराचा. तेथें दर चार मात्रांनीं तोच आघात परत येतो. त्रितालांत नवव्या मात्रेवर खाली येते आणि सर्व ओढ सोळा मात्रांनंतरच्या समेकडे असते.

तेव्हां मोजमाप उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. पण सम कोठें पडावी, हें ज्याच्या त्याच्या भाषेनेंच ठरवावें, असें आम्हांस वाटतें.