विद्यापीठाचे दार आणि चारित्र्याचे माप

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील हार्वर्ड महाविद्यालय १६३६ साली स्थापन झाले. त्यानंतर जवळजवळ तीन शतके तेथील प्रवेशाची रीत साधी होती. नेमलेल्या विषयांच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे आणि फी भरावी. एवढे ज्याला साधे, त्याला जागा मिळे. आता त्याच दाराशी येणाऱ्या शंभरांपैकी सुमारे शहाण्णव जणांना परत फिरावे लागते. २०२२ साली तेथे ६१,२२० अर्ज आले आणि प्रवेश मिळाला तो १,९५४ जणांना, म्हणजे अवघ्या ३.१९ टक्क्यांना. हे दार अरुंद कसे होत गेले, आणि ते होताना कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, हा इतिहास विचार करावयास लावणारा आहे.

जुनी परीक्षा साधी असली तरी सर्वांना सारखी नव्हती. तीत ग्रीक भाषा आवश्यक होती, आणि ग्रीक शिकविणाऱ्या शाळा बहुधा धनिकांच्या होत्या. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ पर्यंत हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत ग्रीकची सक्ती उठली आणि सार्वजनिक शाळांतील मुलांना वाट मोकळी झाली. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी कुटुंबांतील मुले पुष्कळ होती. १९०० साली यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांच्या पुढे गेले.

एलियट यांच्यानंतरचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांना ही वाढ मानवली नाही. १९२२ साली त्यांनी यहुदी विद्यार्थ्यांवर १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याचे सुचविले. उघड उघड भेद करणारी ही सूचना ऐकून मोठा गदारोळ झाला. नेमलेल्या समितीने पुढल्या वर्षी ती फेटाळली; उलट देशाच्या दूरदूरच्या भागांतील मुले यावीत म्हणून शाळेतील पहिल्या सातव्या हिश्श्यात येणाऱ्यांना परीक्षेवाचून प्रवेश देण्याची शिफारस केली. परिणाम असा झाला की, यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले.

तेव्हा निराळा उपाय योजण्यात आला. १९२६ साली पहिल्या वर्षाच्या जागा एक हजारावर मर्यादित केल्या गेल्या. जागा मोजक्या झाल्या की निवड करणे ओघानेच आले, आणि निवडीसाठी गुणांबरोबर ‘चारित्र्य’ पाहावे असे ठरले. उमेदवाराचे छायाचित्र मागविण्यात येऊ लागले. पित्याचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव, कुटुंबाने कधी नाव बदलले आहे काय, असे प्रश्न तर अर्जात १९२२ पासूनच आले होते. टक्केवारीचा नियम कोठेही लिहिला गेला नाही. तथापि यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण लवकरच सुमारे १५ टक्क्यांवर उतरले. जे उघडपणे करता आले नाही, ते चारित्र्याच्या नावाने साधले.

याच सुमारास गोव्याचे धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होते, आणि त्यांचे पुत्र दामोदर यांनी १९२९ साली तेथून उच्च सन्मानासह पदवी मिळविली. दूरदेशीच्या विद्वानांचे स्वागत करणारी संस्था शेजारच्या बॉस्टनमधील होतकरू मुलाला मात्र त्याच्या बापाचे जन्मगाव विचारीत होती.

पुढे वारे पालटले. १९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या जेम्स कोनंट यांनी दूरच्या प्रांतांतील गुणी मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावणे जाऊ लागले. १९७५ साली रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाची आणि हार्वर्डची प्रवेशकचेरी एक झाली. नवल असे की, गुणांपलीकडचे काही पाहण्याची जी रीत एकदा दार लावून घेण्यासाठी रुजविली होती, तीच आता दार उघडण्यासाठी वापरण्यात येऊ लागली. १९७८ साली बॅकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डची पद्धत आदर्श म्हणून दाखविली.

परंतु त्या रीतीचा जुना दोष सुटला नव्हता. २०१४ साली हार्वर्डवर खटला भरण्यात आला. आशियाई वंशाच्या उमेदवारांना ‘व्यक्तिमत्त्वा’साठी कमी गुण देऊन मागे ठेवले जाते, असा त्यातील आरोप होता. हेतुपुरस्सर भेद सिद्ध झाला नाही, असे खालच्या न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची पद्धतीच अवैध ठरविली. पुढल्याच वर्षी नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १८ वरून १४ टक्क्यांवर आले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र या निकालाने अबाधित राहिले.

इकडे अर्जांचा पूर वाढतच होता. एकच अर्ज अनेक महाविद्यालयांना पाठविण्याची सोय १९७५ साली पंधरा संस्थांनी सुरू केली. पुढे शेकडो संस्था तीत आल्या. २०२० च्या साथीत प्रवेशचाचणीची अट शिथिल होताच हार्वर्डकडील अर्ज ४०,२४८ वरून ५७,४३५ वर गेले. जागा जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. अर्थात टक्का घसरला तो बुद्धिमंत एकाएकी वाढले म्हणून नव्हे; एकेक मुलगा अनेक दारे ठोठावू लागला, हेही त्याचे मोठे कारण आहे.

म्हणून किती जणांना परत पाठविले, यावरून विद्यापीठाची थोरवी ठरत नाही. जागा थोड्या असल्या की कोणाला तरी नकार मिळणारच. त्याबद्दल संस्थेला दोष देता येणार नाही. पण नकार कोणत्या मापाने मिळाला, हे ज्याला मिळाला त्याला कळले पाहिजे. परीक्षेत कमी पडलेला मुलगा पुन्हा अभ्यास करू शकतो. चारित्र्यात कमी पडलास, असे ज्याला न सांगताच ठरविले गेले, त्याने काय सुधारावे? हार्वर्डच्या शंभर वर्षांनी हा प्रश्न पुनःपुन्हा पुढे आणला आहे, आणि मोजक्या जागा वाटणाऱ्या प्रत्येक विद्यालयाला त्याचे उत्तर द्यावे लागणार आहे.