सोऽहं साधना (पावस परंपरा)

सोऽहं साधना : श्वासाच्या नैसर्गिक येण्याजाण्याकडे लक्ष ठेवून ‘सो’ आणि ‘हं’ या ध्वनींत मन गुंतवण्याची नाथ संप्रदायातील ध्यानपद्धती. ओठ-जीभ न हलवता हा जप श्वासाबरोबर आपोआप चालतो, म्हणून त्याला अजपाजप असेही नाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगड आणि त्याच्या उत्तरेचे पावस या पट्ट्यात ही साधना घरोघरी ऐकून माहीत असते. विसाव्या शतकात तिचा मराठी साधकांत प्रसार करणारे स्वामी स्वरूपानंद (१५ डिसेंबर १९०३–१५ ऑगस्ट १९७४) पावसचेच. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने पूर्णगडाचा छोटेखानी किल्ला पाहायला निघालेल्याला वाटेत पावस लागते आणि बहुतेक जण स्वामींच्या समाधिमंदिरात डोके टेकवूनच पुढे जातात.

या परंपरेची गुरुमालिका आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर अशी सांगितली जाते. स्वरूपानंदांचे मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले. त्यांना १९२३ मध्ये पुण्याच्या बाबामहाराज वैद्य यांच्याकडून अनुग्रह मिळाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी शाळा सोडली होती आणि सविनय कायदेभंगात येरवड्याचा तुरुंगवासही भोगला. म्हणजे ही साधना घेणारा माणूस जगापासून पळालेला नव्हता. १९३४ मध्ये ते प्राणांतिक आजारी पडले. त्यातून उठले, पण शरीर पुन्हा धडधाकट झाले नाही. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे ते पावसमधील देसाई कुटुंबाच्या घरी राहिले. ‘अभंग ज्ञानेश्वरी’, ‘भावार्थ गीता’, ‘संजीवनी गाथा’ ही ग्रंथरचना आणि साधकांशी पत्रव्यवहार हाच त्यांचा प्रपंच झाला. ‘स्वरूप-पत्र-मंजूषा’ या नावाने त्यांची पत्रे प्रसिद्ध आहेत.

आरोग्याच्या दृष्टीने या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. साधनेने रोग पळतात असे सांगणारी पुस्तके आज पुष्कळ आहेत. पावस परंपरेचा सर्वांत मोठा साधक मात्र त्या आजारानंतर आयुष्यभर प्रकृतीने नाजूक होता. परंपरेनेही देह निरोगी करण्याची हमी कधी दिलेली नाही. साध्य आत्मज्ञान हे आहे. आरोग्याचा जो काही लाभ होतो तो वाटेत मिळणारा, दुय्यम लाभ होय.

साधनेची रीत साधी आहे. स्थिर, सुखकर बैठक घ्यायची, डोळे मिटायचे, श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’ ऐकायचा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही. कुंभकावर, म्हणजे श्वास रोखून धरण्यावर, भर देणाऱ्या प्राणायामापासून ही पद्धत येथेच वेगळी होते. मन भटकले की पुन्हा ध्वनीवर आणायचे. संप्रदायात हे गुरूकडून घ्यायचे असते. केवळ वाचून केलेल्या अभ्यासाला अनुग्रहाचे मोल नाही, असे साधक मानतात.

‘घेरंडसंहिते’सारख्या हठयोगाच्या ग्रंथांत एका अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० दिली आहे. भागाकार केला तर मिनिटाला १५ श्वास येतात. प्रौढ माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, तेव्हा घड्याळ हाताशी नसलेल्या काळातील हा अंदाज चांगलाच नेमका म्हणावा लागेल. ध्यान लागू लागले की ही गती, कोणी ओढूनताणून न करता, मंदावते. शरीरावरच्या परिणामांचे बहुतेक स्पष्टीकरण या मंदावण्यात सापडते. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढतो व ठोके किंचित मंद होतात. श्वास घेताना ते किंचित वाढतात. श्वास संथ झाला की हा चढउतार ठळक होतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर होते.

इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबतीत वारंवार उद्धृत होतो. त्यांनी २३ निरोगी प्रौढांकडून लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब-नियंत्रणाची संवेदनशीलता वाढली. धर्म, भाषा, अर्थ वेगळे; श्वासाची लय एकच. कोकणातल्या भजनातही बुवांनी उचललेला चरण मागचे टाळकरी परत म्हणतात, त्यामुळे गाणे आणि दम घेणे आळीपाळीने चालते. मराठी भजन या अभ्यासात नव्हते, पण तुलना सुचते. एकांतातल्या ध्यानात नसलेली आणखी एक गोष्ट भजनात असते, ती म्हणजे शेजारधर्म. आठवड्यातून एकदा चार माणसांत बसणे हे म्हातारपणी औषधाइतके मोलाचे ठरते.

महाराष्ट्रात योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप करण्याचा पाया स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून घातला. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मधील आपल्या पुस्तकात जप-ध्यानाने येणाऱ्या शिथिलतेला वैद्यकाच्या चौकटीत बसवले.

पुराव्याचे वजन मात्र भक्तांच्या अनुभवाइतके भरत नाही. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागींचा आढावा प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारलेल्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, याला त्यात मध्यम दर्जाचा आधार मिळाला. मंत्रध्यानाबाबत तसा आधार मिळाला नाही; पुरावाच अपुरा व कमकुवत होता. औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे, असेही दिसले नाही. सोऽहं साधना श्वासाचे अवधान आणि मंत्र या दोन्हींच्या सीमेवर असल्याने हे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पण साधनेच्या नावाने कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सारे बरे करण्याचा दावा करणाऱ्यांना त्यांतून काहीही हाती लागत नाही.

काहींना दीर्घ ध्यानाने बेचैनी वाढल्याचा, जुने आघात उफाळून आल्याचा अनुभव येतो; तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी तासन्‌तास एकांतात बसू नये. दम्याच्या रुग्णाने श्वास ताणू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा मनोविकारावरील गोळ्या चालू असतील तर साधनेने बरे वाटते म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.