गोषवाऱ्यात काय राहतं, काय गळतं

मराठीत 'गोषवारा' हा एक मोठा गोड शब्द आहे. तो फारसीतून आला. 'गोश' म्हणजे कान आणि 'गोशवारा' म्हणजे मुळात कानातलं लेणं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हिशेबाचा सारांश. दागिना आणि हिशेब एकाच शब्दात नांदतात, याचं माझ्यासारख्या कवीला कौतुक वाटणारच. आपल्या हिशेबाची सगळी भाषाच अशी आहे. खुद्द हिशेब, जमा, बाकी, रक्कम आणि तारीख हे शब्द अरबीतले. तक्ता फारसीतला. पेशव्यांच्या फडावरचे कारकून मोडीत हे शब्द रोज लिहीत होते आणि कोणाला ते परके वाटत नव्हते.

या फडावरची रीत पाहण्यासारखी आहे. रोजचा व्यवहार जसा घडेल तसा रोजकीर्दीत लिहायचा. मग नावानिशी, बाबवार त्याची खतावणी करायची. त्यातल्या नुसत्या बेरजा उचलून तेरीज काढायची आणि वर्षअखेर ताळेबंद. म्हणजे हजारो ओळींच्या शेकडो होतात, शेकडोंच्या दहा आणि शेवटी उरतो एक आकडा. माझ्या अब्बांचं कापडाचं छोटं दुकान होतं, तिथेही हेच चाले. रोजमेळात 'दोन वार लठ्ठा, उधार' असं लिहिलेलं असे आणि त्यापुढे गिऱ्हाइकाचं नाव. वर्षअखेरच्या कागदावर फक्त 'उधारी येणे' एवढंच राही. त्यातला लठ्ठा लग्नाला नेला की कफनाला, हे कुठेच राहत नसे. गोषवारा म्हटला की काहीतरी गळणारच. प्रश्न एवढाच, की काय गळलं, आणि ते गाळणाऱ्याच्या ते ध्यानात होतं का?

बी. ए.ला अर्थशास्त्राच्या जोडीला आम्हांला प्राथमिक संख्याशास्त्र होतं. वारंवारता सारणी, स्तंभालेख, वृत्तालेख, आलेख कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या रेषा. परीक्षेपुरतं सगळं पाठ केलं. पण या आकृत्या कोणी शोधल्या, कशासाठी शोधल्या, हे पुस्तकात नव्हतं. पुढे वाचनाच्या नादात ती गोष्ट हाती लागली. तीच आज सांगतो.

सुरुवात एका कापडवाल्यापासूनच करू. लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा व्यापारी होता. शहरात दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापून निघत. लोक त्या विकत घेत, प्लेगची साथ वाढली का ते पाहत आणि फेकून देत. ग्राँटनं वर्षानुवर्षांच्या याद्या गोळा केल्या, दुकानातल्या जमाखर्चासारखी त्यांची मांडणी केली आणि 1662 साली पुस्तक छापलं. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हे त्यानं तक्त्यातून दाखवलं. आपण दुकानदारीचं गणितच वापरलं, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. कच्ची यादी आणि तक्ता यांतला फरक या माणसानं जगाला शिकवला. यादी नुसती सांगते. तक्ता तुलना करू देतो.

तक्त्याचं चित्र व्हायला मात्र आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. ते काम केलं विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं. जन्म 1759 चा. वडील लवकर गेले. थोरला भाऊ जॉन पुढे एडिंबरोला गणिताचा प्राध्यापक झाला. त्यानं विल्यमला रोजच्या तापमानाची नोंद रेषांनी करायला शिकवलं. पुढे विल्यम बर्मिंगहॅमला जेम्स वॉटकडे, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या वॉटकडे, आराखडे काढण्याच्या कामाला लागला. 1786 मध्ये त्यानं इंग्लंडच्या व्यापाराचा एक 'नकाशासंग्रह' काढला. गंमत म्हणजे त्यात भूगोलाचा एकही नकाशा नव्हता. होते ते 44 आलेख. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पैसा, एक रेषा आयातीची आणि एक निर्यातीची.

पैसा म्हणजे काही जागा नव्हे, मग तो कागदावर उंचीनं कसा मोजणार, ही शंका त्या काळच्या माणसाला येणं स्वाभाविक होतं. प्लेफेअरनं दिलेलं उत्तर कोणत्याही पेढीवर पटेल असं आहे. समजा, एखाद्या व्यापाऱ्याला सगळे पैसे गिनीच्या नाण्यांतच मिळतात. रोज संध्याकाळी तो दिवसभराच्या नाण्यांची एक चळत रचतो आणि अशा चळती ओळीनं मांडत जातो. त्यांची उंची पाहिली की धंदा कधी चढला, कधी बसला, हे न मोजताच दिसतं. त्याचा आलेख म्हणजे या चळतींच्या माथ्यावरून ओढलेली रेषा.

याच पुस्तकात पहिला स्तंभालेखही आहे आणि तो अडचणीतून जन्मला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याला एकाच वर्षाचे मिळाले, 1780 च्या नाताळपासून 1781 च्या नाताळपर्यंतचे. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्यानं 17 ठिकाणांसाठी आडव्या पट्ट्यांच्या जोड्या काढल्या, एक आयातीची, एक निर्यातीची. त्याला स्वतःला हा प्रकार कमअस्सल वाटला, कारण त्यात काळ दिसत नाही. आज तीच आकृती शाळेच्या पुस्तकात सगळ्यांत आधी येते. वृत्तालेख त्यानं 1801 साली काढला. त्या वर्तुळात उस्मानी साम्राज्याचा आशियातला, युरोपातला आणि आफ्रिकेतला मुलूख वेगवेगळ्या रंगांत दाखवला होता.

जेम्स वॉटनं त्याला एक सल्ला दिला होता. चित्रांबरोबर आकड्यांचे तक्तेही छापावेत, नाहीतर लोक विश्वास ठेवणार नाहीत. मला हा सल्ला आजही मोलाचा वाटतो. चित्र डोळ्याला पटतं, पण हिशेब तपासायचा तर आकडेच लागतात. प्लेफेअरचं आयुष्य मात्र हिशेबात कधी बसलं नाही. धंदे बुडाले, कर्जापायी तुरुंग पाहिला आणि 1823 मध्ये तो गरिबीतच गेला.

त्याच्या 1786 च्या पुस्तकातला एक आलेख आपल्याशी थेट जोडलेला आहे. इंग्लंड आणि ईस्ट इंडिज यांच्यातला व्यापार, म्हणजे त्यात मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीमार्फत चालणारा आपल्याकडचा व्यापार. त्यात इंग्लंडच्या आयातीची रेषा वर आहे आणि निर्यातीची खाली. दोहोंमध्ये मोठी दरी. इंग्लंड माल घेतं जास्त, देतं कमी. नवख्या माणसाला वाटेल, अरे, हिंदुस्थान फायद्यात आहे!

आता थोडा इतिहास आठवू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दरी कंपनी प्रामुख्यानं चांदी पाठवून भरून काढी. सुती कापड, रेशीम, सोरा यांच्या बदल्यात चांदी हिंदुस्थानात येई. 1757 ला प्लासीची लढाई झाली. 1765 ला शाह आलम बादशहाकडून कंपनीनं बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, मिळवला. त्यानंतर कंपनी बंगालच्या रयतेकडून सारा वसूल करी आणि त्यातल्याच पैशानं बंगालचा माल विकत घेऊन इंग्लंडला धाडी. आधी मालाच्या बदल्यात चांदी येत होती. आता विणकराला त्याच्याच भाईबंदांच्या साऱ्यातून पैसे मिळत होते.

पण कागदावर पाहा. दरी आधीही होती, नंतरही राहिली. आयातीची रेषा वर, निर्यातीची खाली. 1757 च्या अलीकडे ती खरेदी होती आणि 1765 च्या पलीकडे जवळजवळ खंडणी. रेषांनी काहीच खोटं सांगितलं नाही. फक्त मोबदला कोणी दिला, हा रकाना त्या चित्रात नव्हता.

तो रकाना भरून काढणारा माणूस आपल्या मुंबईचा. दादाभाई नौरोजी. जन्म 1825 चा. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. 1855 ला कामा आणि मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि पुढे त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. गणित आणि दुकानदारी, दोन्ही अंगात मुरलेला माणूस. त्यांनी सरकारचेच आयात-निर्यातीचे तक्ते पुढे घेतले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या देशाचा व्यापार रास्त चालतो, त्याला धाडलेल्या मालाची किंमत अधिक थोडा नफा एवढं परत मिळायला हवं. हिंदुस्थानच्या बाबतीत मात्र जातं जास्त आणि येतं कमी, तेही वर्षानुवर्षं. मग मधला फरक कुठे जातो? इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी, लंडनमधला कारभाराचा खर्च. 1867 पासून त्यांनी हा प्रश्न लंडनमध्ये लावून धरला. प्लेफेअरच्या चित्रातलीच दरी, पण आता ती पलीकडच्या काठावरून पाहिलेली.

दादाभाईंचा एक मुद्दा मला सगळ्यांत आवडतो आणि तो संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातला आहे. सरकारी अहवालात प्रांताचा सरासरी भाव कसा काढत? प्रत्येक जिल्ह्याचा भाव घ्यायचा, बेरीज करायची, जिल्ह्यांच्या संख्येनं भागायचं. दादाभाई म्हणाले, हे मुळातच चूक आहे. समजा, एका जिल्ह्यात 900 पोती 10 रुपयांनी विकली गेली आणि दुसऱ्यात 100 पोती 20 रुपयांनी. सरकारी रीतीनं सरासरी आली 15 रुपये. पण 1000 पोत्यांचे खरे पैसे आले 11,000, म्हणजे सरासरी 11 रुपये. जिथे धान्य भरपूर पिकतं तिथे ते स्वस्त असतं, म्हणून या रीतीनं भाव नेहमी फुगतो आणि रयत कागदावर श्रीमंत होते. त्यांनी मध्य प्रांताच्या 1867-68 च्या अहवालाचं उदाहरण दिलं. त्यात आपला नागपूरचा मुलूख येत होता. अहवालात तांदळाचा सरासरी भाव मणाला 2 रुपये 12 आणे 7 पै होता. दादाभाईंनी नीट हिशेब केला, तर तो दीड रुपयाच भरला. याला पाठ्यपुस्तकात 'भारित सरासरी' म्हणतात. आमच्या वर्गात ती दोन गुणांची होती. इथे तिच्यावर लाखो लोकांची भाकरी तोलली जात होती.

मग त्यांनी प्रांतवार पिकं, भाव, खाणी, उद्योग यांचे आकडे जुळवून माणशी वर्षाचं उत्पन्न काढलं. ते भरलं सुमारे 20 रुपये. हा आकडा खूप गाजला. पण माझ्या मते त्यांचं खरं कसब दिसतं ते दोन रकान्यांच्या एका छोट्या तक्त्यात. एका रकान्यात सरकारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा वर्षाचा खर्च, दुसऱ्यात त्या प्रांतातलं माणशी उत्पन्न. मुंबई इलाख्यात कैद्यावर सुमारे 47 रुपये खर्च होत होते आणि माणशी उत्पन्न होतं सुमारे 22 रुपये. म्हणजे गुन्हा करून तुरुंगात गेलेल्याला जेवढं मिळतं, त्याच्या निम्मंही बाहेरच्या कष्टकऱ्याच्या वाट्याला येत नव्हतं. भाषण नाही, आकांत नाही. शेजारी शेजारी दोन आकडे. माझ्यासारखा शेर लिहिणारा माणूस दोन ओळी समोरासमोर ठेवण्यासाठी रात्री जागवतो, म्हणून या तक्त्यापुढे मी थबकलो.

याचा परिणाम काय झाला? सरकारला उत्तर द्यावं लागलं आणि तेही आकड्यांतच. 1882 मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी माणशी उत्पन्न 27 रुपये काढलं. 1901 मध्ये लॉर्ड कर्झननं 30 रुपये सांगितलं. त्याच वर्षी दादाभाईंचं मोठं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं. भांडण आकड्यावर आलं, याचाच अर्थ 'हिंदुस्थान सुखी आहे' हे नुसतं तोंडानं म्हणून आता भागणार नव्हतं. पुढे गोखल्यांनी 1902 साली अर्थसंकल्पावरचं जे गाजलेलं भाषण केलं, तेही याच वाटेनं. सरकारच्या शिलकीचा गोषवारा हाती घ्यायचा आणि ती शिल्लक कोणाच्या खिशातून आली ते विचारायचं. गोखले अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक होते, हे इथे विसरून चालणार नाही.

आज संगणकावर क्षणात रंगीत आलेख निघतात. कंपन्यांचे अहवाल, वर्तमानपत्रं, निवडणुकांची पत्रकं, सगळीकडे ते असतात. म्हणून जाता जाता तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते पाहावं. विक्री 100 वरून 104 झाली आणि अक्ष 98 पासून काढला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. दुसरी, सरासरी दिली असेल तर ती कशाला कशानं भागून काढली ते विचारावं. एका कारखान्यात मालकासह सगळ्यांच्या मिळकतीची सरासरी काढली, तर ती मजुराला ओळखूही येणार नाही. तिसरी गोष्ट दादाभाईंची. कोणता रकाना तक्त्यात नाही, ते शोधावं.

हे करायला मोठं गणित लागत नाही. बेरीज, भागाकार आणि थोडी चिकाटी पुरते. दादाभाईंनी परक्या सरकारचे तक्ते नाकारले नाहीत. तेच घेतले, नीट वाचले आणि त्यांच्यासमोर ठेवले. आपल्या गावच्या बाजार समितीचा, पतपेढीचा किंवा नगरपालिकेचा वार्षिक अहवाल हाती आला तर तो रद्दीत टाकण्याआधी एकदा असा वाचून पाहा.