ज्वारीची कणगी ते मिरचीचा बाजार

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई आज हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळे सर्वदूर परिचित आहे; परंतु या परिसराच्या कोरडवाहू शेतीचा मूळ आधार ज्वारी, बाजरी, तूर व मूग हाच होता. कणगीत वर्षाची बेगमी राही, गुरांना कडबा मिळे आणि भाकरीसोबत वरण ताटात येई.

१९७२ च्या दुष्काळाने हा आधार मोडला. मराठवाड्यातील असंख्य हात खडी फोडू लागले. परदेशी मिलो व सुकडीवर दिवस निघाले. त्या अनुभवाची परिणती १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात झाली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापिलेल्या महिकोसारख्या संस्थांच्या संकरित बियाण्यांनी उत्पादन वाढविले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला.

कालांतराने ज्वारीची राने कापूस, मका व मिरचीकडे वळली. हाती रोकड आली. परंतु धान्य-डाळ विकत घेणाऱ्या अल्पभूधारकाचे ताट बाजारभावाशी बांधले गेले. भाव कोसळला की प्रथम डाळ आटते. म्हणूनच नगदी पिकाशेजारी ज्वारी-तुरीची चार तासे राखणे, ही जुन्या पिढीची दूरदृष्टी आजही मोलाची ठरते.