मोडीचा खिळा : धावत्या लिपीच्या मुद्राक्षरांचा इतिहास

हस्तलेखनातून घडलेली लिपी मुद्राक्षरांत उतरवली म्हणजे तिचे रूप टिकते. परंतु ज्या कारणाने ते रूप घडले ते कारणही टिकतेच असे नाही. मोडीच्या मुद्राक्षरांचा इतिहास या विधानाचे बोलके उदाहरण होय.

मोडी ही वेगाची लिपी. ओळभर शिरोरेषा आधी आखून घ्यावयाची आणि तिच्याखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलून, अक्षरामागून अक्षर लिहीत जावयाचे, ही तिची रीत. अक्षराचा शेवट पुढच्या चिन्हाच्या आरंभाशी जोडला जात असल्यामुळे एकाच व्यंजनाचे रूप स्वरचिन्हागणिक पालटते. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि इकार-उकारांतील ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळलेला नाही. हे दोष नव्हेत; कारकुनाच्या हाताची ती काटकसर आहे. पोथीला बालबोध आणि दप्तराला मोडी, अशी या दोन लिपींची कार्यविभागणी मराठीत शतकानुशतके नांदली.

धावते हस्ताक्षर खिळ्यांत ओतण्याचा प्रयत्न युरोपात यापूर्वीच झाला होता. रोबेर ग्राँझों या कारागिराने 1557 मध्ये लियों येथे तत्कालीन फ्रेंच धावत्या हस्ताक्षराची मुद्राक्षरे घडविली. बालकांना शिष्टाचार शिकविणाऱ्या पुस्तकांत ती वापरली गेल्यामुळे पुढे त्यांना ‘सिव्हिलिते’ हे नाव पडले. मुलांना छापील पानावरूनच हस्ताक्षराचाही परिचय व्हावा, हा त्यांचा एक उपयोग होता. सर्वसाधारण ग्रंथमुद्रणात मात्र सुटी रोमन अक्षरेच प्रबळ ठरली.

मोडीच्या बाबतीत हा प्रयोग बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बालबोध लिपीत निघाले. परंतु 1810 च्या त्यांच्या मराठी कोशात मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले गेले. पुढे 1814 ची ‘सिंहासनबत्तिशी’ आणि 1815 चा ‘हितोपदेश’ ही गद्य पुस्तकेही मोडीतच आली. व्यवहारात जी लिपी चालते तीच ग्रंथात वापरावी, हा विचार तर्कशुद्ध होता. तथापि मोल्सवर्थ यांचा कोश मुंबईत 1831 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तो बालबोध लिपीत होता. अवघ्या 21 वर्षांत मराठी कोशाची लिपी बदलली.

या बदलाचे एक कारण खिळ्याच्या घडणीतच सापडते. खिळा हा धातूचा सुटा तुकडा. जोडणारी रेषा त्याच्या कडेपाशी तुटते. ती सांधावयाची तर प्रत्येक जोडरूपाचा खिळा निराळा पाडावा लागतो. शिवाय लेखनात मोडीने जो वेळ वाचे, तो खिळे जुळविताना वाचत नाही. जुळाऱ्याला मोडी आणि बालबोध यांचे श्रम सारखेच, किंबहुना मोडीचे अधिक. अशा रीतीने छापखान्यात मोडीचा मुख्य लाभ नाहीसा झाला आणि संदिग्धता तेवढी उरली. उलट शिळाछापात लेखकाचा हातच दगडावर उतरत असल्यामुळे तेथे मोडीची वळणे अबाधित राहत; मोडी वाचनाची शालेय पुस्तके त्या पद्धतीने छापली गेली. म्हणून मोडी मुद्रणात मागे पडली ती ‘अशास्त्रीय’ होती म्हणून, हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. तिचे शास्त्र लेखणीचे होते, खिळ्याचे नव्हते.

2014 मध्ये युनिकोडच्या 7.0 या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि 79 चिन्हे निश्चित झाली. संगणकीय फाँटमध्ये शेजारच्या चिन्हानुसार अक्षराचे रूप बदलण्याचे नियम घालता येतात. धातूला जे अवघड होते ते येथे साध्य झाले. प्राथमिक पाठ, अक्षरतक्ते आणि लिप्यंतराशेजारी द्यावयाचे नमुने यांसाठी असा फाँट निःसंशय उपयुक्त आहे.

परंतु त्याच्या मर्यादा संशोधकाने ओळखल्या पाहिजेत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व व दीर्घ इकार-उकारांना पृथक् स्थाने आहेत. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे टंकलेला मोडी मजकूर मूळ कारकुनाने न केलेला भेद त्याच्या पदरी बांधू शकतो. आणि अशा मजकुरावरून उच्चाराविषयी काढलेले अनुमान निराधार ठरते. दुसरे असे की, फाँटमधील अक्षर नियमाबरहुकूम तेच राहते, दप्तरातील अक्षर तसे राहत नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणे भिन्न. त्यांतही प्रत्येक कारकुनाची घाई निराळी, संक्षेप निराळे.

पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे मोठे संग्रह आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांतून मोडीचे शिक्षण लुप्त झाल्यानंतर ते वाचू शकणारे मोजकेच उरले. केवळ फाँटवर शिकलेल्या विद्यार्थ्याला अक्षर ओळखता येईल, पण हात ओळखता येणार नाही. आणि दप्तरात वाचावयाचा असतो तो हातच. फाँटवर अक्षरओळख झाली की विद्यार्थ्यापुढे मूळ कागदांच्या छायाप्रती ठेवणे, त्याला स्वतः बोरूने ओळी गिरवावयास लावणे, आणि कागदावर जे आहे तेच लिप्यंतरात उतरविण्याची शिस्त लावणे, हाच अध्यापनाचा क्रम इष्ट होय.